बेघरांची नोंद : मोजणी, मदत आणि पाळत

घर नसलेल्या माणसाला मदत करणाऱ्या कुठल्याही यंत्रणेचे काम नोंदीपासून सुरू होते. नाव, वय, मूळ गाव, आजार, ओळखपत्र, कालची रात्र कुठे काढली, पोट कशावर भरता, असे प्रश्न निवाऱ्याच्या टेबलापाशी, रस्त्यावरच्या पाहणीत किंवा सरकारी अर्जात विचारले जातात. घर असलेल्या माणसाची हीच माहिती बँक, दवाखाना, रेशन कार्यालय अशी विखुरलेली असते, आणि ती कुणाला किती द्यायची हे ठरवायला त्याला थोडी तरी मोकळीक असते. बेघर माणूस ती एकदम, एकाच ठिकाणी, रात्रीच्या जागेच्या आशेने देतो. म्हणूनच ही माहिती कोणी जमवावी, किती काळ ठेवावी आणि कुणाला दाखवावी हा प्रश्न गेली तीस-पस्तीस वर्षे वादाचा राहिला आहे. या वादात अमेरिकेचा अनुभव दीर्घ आहे, ब्रिटनमधल्या एका प्रकरणाने त्यातला धोका दाखवला आहे, आणि भारतात, विशेषतः मुंबईत, त्याला स्वतःचा इतिहास आहे. तिन्हींचा एकत्र विचार केला की एक गोष्ट ठळक होते. बेघरांची माहिती तीन कामांसाठी घेतली जाते : संख्या कळावी म्हणून, एखाद्या माणसाला सेवा देता यावी म्हणून, आणि अपुऱ्या घरांसाठी आधी नंबर कुणाचा हे ठरवता यावे म्हणून. तिन्ही कामांची गरज खरी आहे. नुकसान होते ते एका कामासाठी घेतलेली माहिती दुसऱ्या कामाला, किंवा या तिन्हींबाहेरच्या चौथ्याच कामाला लावली जाते तेव्हा.

मोजणीपासून नोंदीपर्यंत

अमेरिकेत १९८० च्या दशकात रस्त्यावर राहणाऱ्यांची संख्या डोळ्यांत भरण्याइतकी वाढली आणि १९८७ च्या मॅकिनी कायद्याने केंद्र सरकारचा पैसा निवाऱ्यांकडे वळला. त्या काळात बेघर नेमके किती, यावर कुणाचेच एकमत नव्हते. १९८४ मध्ये गृहनिर्माण खात्याने अडीच ते साडेतीन लाखांचा अंदाज दिला होता, तर कार्यकर्ते वीस ते तीस लाख सांगत होते. या गोंधळातून वाट निघाली ती निवाऱ्यांच्या रोजच्या नोंदींतून. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातले संशोधक डेनिस कल्हेन यांनी न्यूयॉर्क आणि फिलाडेल्फियातल्या निवाऱ्यांच्या संगणकीय नोंदी वर्षानुवर्षांच्या ताडून पाहिल्या. एका रात्रीची मोजणी जो आकडा दाखवते त्याच्या कितीतरी पट माणसे काही वर्षांच्या काळात निवाऱ्यातून जाऊन येतात, हे १९९४ मध्ये त्यांनी दाखवून दिले. न्यूयॉर्कच्या बाबतीत पाच वर्षांत शहराच्या लोकसंख्येपैकी सुमारे ३ टक्के लोकांनी कधी ना कधी निवाऱ्याचा आसरा घेतला होता. १९९८ मध्ये रँडल कून यांच्यासोबत केलेल्या अभ्यासात त्यांनी आणखी एक भेद पुढे आणला. निवाऱ्यात येणारे सुमारे ८० टक्के लोक थोड्या काळासाठी, बहुधा एकदाच येतात. सुमारे १० टक्के येत-जात राहतात. आणि उरलेले सुमारे १० टक्के दीर्घकाळ तिथेच राहतात. हा शेवटचा गट निवाऱ्यातल्या एकूण दिवसांपैकी जवळपास निम्मे दिवस व्यापतो.

या निष्कर्षांचा धोरणावर थेट परिणाम झाला. एकाच माणसाची दोनदा मोजणी होणार नाही अशी आकडेवारी जमवा, असा निर्देश अमेरिकी काँग्रेसने २००१ मध्ये गृहनिर्माण खात्याला दिला. खात्याने २००४ मध्ये बेघर-माहिती व्यवस्थापन प्रणालीची मानके प्रसिद्ध केली, २००७ मध्ये काँग्रेसला पहिला वार्षिक अहवाल सादर झाला आणि २००९ च्या कायद्याने या प्रणालीला भक्कम वैधानिक आधार मिळाला. तिची रचना समजून घेण्यासारखी आहे. देशभरातले जवळपास ४०० स्थानिक समूह आपापली प्रणाली चालवतात. नाव, जन्मतारीख, सामाजिक सुरक्षा क्रमांक, वंश, अपंगत्व, पूर्वीचे राहण्याचे ठिकाण असे ठरावीक रकाने सर्वांना सारखे असतात, आणि केंद्राचा निधी हवा असेल तर ते भरावे लागतात. नावानिशी माहिती मात्र स्थानिक पातळीवरच राहते. वॉशिंग्टनला जातो तो ओळख काढून टाकलेला गोषवारा. उत्तर देण्याची इच्छा नाही, हेही एक ग्राह्य उत्तर आहे, आणि वापरात नसलेली ओळखीची माहिती सात वर्षांनी काढून टाकावी, असे मानक सांगते.

एकत्रित नोंदीची बाजू

एकत्रित नोंदीचा पुरस्कार करणाऱ्यांची भूमिका तीन आधारांवर उभी आहे. पहिला आधार माणसाच्या सोयीचा. आपल्या आयुष्याची पडझड प्रत्येक संस्थेच्या टेबलावर नव्याने सांगावी लागणे हाच एक जाच असतो. एकदा सांगितलेले पुढच्या कार्यकर्त्याला दिसले तर तो टळतो. दुसरा आधार पैशाचा. कल्हेन आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये न्यूयॉर्कमधल्या गंभीर मानसिक आजार असलेल्या बेघरांच्या नोंदी निवारे, रुग्णालये आणि तुरुंग यांच्या नोंदींशी जोडून पाहिल्या. अशा एका माणसावर सार्वजनिक यंत्रणा वर्षाला सुमारे ४० हजार डॉलर खर्च करते आणि आधारासह घर दिल्यावर त्यातले सुमारे १६ हजार डॉलर वाचतात, असे त्यातून दिसले. 'आधी घर, बाकी नंतर' या धोरणाला त्यानंतर जो राजकीय पाठिंबा मिळाला त्यात या आकड्यांचा वाटा मोठा होता. तिसरा आधार उत्तरदायित्वाचा. ह्यूस्टन शहराने २०११ नंतरच्या दशकात विखुरलेल्या संस्था एका यादीवर आणल्या आणि बेघरांची संख्या निम्म्याहून खाली नेली. कोण घरात गेले, कोण परत रस्त्यावर आले, हे नावानिशी ठाऊक असल्याशिवाय असे काम तपासता येत नाही, हा या बाजूचा युक्तिवाद वजनदार आहे.

तरीही याच आकडेवारीने नोंदीच्या मर्यादाही दाखवल्या आहेत. दीर्घकाळ बेघर असलेल्या एकट्या व्यक्तींची संख्या २००७ मधल्या सुमारे १ लाख २० हजारांवरून २०१६ पर्यंत सुमारे ७७ हजारांवर आली होती. २०२४ मध्ये ती दीड लाखाच्या पुढे गेली. त्या वर्षीच्या जानेवारीतल्या एका रात्रीच्या मोजणीत देशभरात ७,७१,४८० बेघर नोंदले गेले. आदल्या वर्षीपेक्षा ही वाढ १८ टक्क्यांची होती. नोंदीची यंत्रणा या सगळ्या काळात अधिकाधिक काटेकोर होत गेली होती. भाडी वाढली, परवडणारी घरे बांधली गेली नाहीत, तर उत्तम नोंद वाढता आकडा अचूक सांगते, इतकेच. पुरस्कर्त्यांपैकी जाणकार मंडळीही हे मान्य करतात.

पाळतीचा आक्षेप

दुसऱ्या बाजूचा आक्षेप असा की गरिबाची माहिती एकत्र झाली की ती मदतीच्या चौकटीत राहत नाही. व्हर्जिनिया यूबँक्स यांनी २०१८ च्या आपल्या पुस्तकात लॉस एंजेलिसच्या यंत्रणेची चिकित्सा करताना हा मुद्दा सविस्तर मांडला. घराच्या आशेने हजारो लोक अत्यंत खासगी माहिती देतात, घर त्यातल्या थोड्यांनाच मिळते, माहिती मात्र सगळ्यांची साठून राहते. आणि काही परिस्थितींत ती पोलिसांना देण्याची मुभा नियमांतच आहे. संमतीपत्रावर सही असते हे खरे. पण समोर थंडीची रात्र असताना घेतलेली सही किती मोकळेपणाने झाली, या प्रश्नाला संमतीचा कागद उत्तर देऊ शकत नाही.

ही भीती निराधार नसल्याचे लंडनमध्ये दिसले. रस्त्यावर झोपणाऱ्यांना मदत करणारे कार्यकर्ते तिथे एका सामाईक माहितीसंचात नोंदी करतात. रस्त्यावर झोपणे हा युरोपीय नागरिकांच्या निवासहक्काचा गैरवापर आहे, असे धोरण ब्रिटिश गृहखात्याने २०१६ मध्ये घेतले. अशा नोंदींवर आधारलेला, राष्ट्रीयत्वानुसार केलेला नकाशा शहर प्रशासनाकडून गृहखात्यापर्यंत पोचल्याचे २०१७ मध्ये उघड झाले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये उच्च न्यायालयाने ते धोरणच बेकायदा ठरवले. इथे नोंद करणाऱ्याचा हेतू मदतीचा होता आणि नकाशावर कुणाचे नावही नव्हते. तरी हद्दपारीसाठी तो उपयोगी पडला, कारण कोणत्या भागात कोणत्या देशाची माणसे झोपतात एवढे समजणे पुरेसे होते. नाव गाळले म्हणजे माणूस सुरक्षित झाला, ही समजूत त्यामुळे टिकत नाही.

अमेरिकेने स्वतःच्या प्रणालीत एक भिंत मात्र वेळेवर बांधली. घरातल्या हिंसाचारातून सुटून आलेल्या स्त्रियांचा ठावठिकाणा उघड झाला तर जिवावर बेतू शकते. म्हणून २००६ च्या आरंभी अमलात आलेल्या कायद्याने अशा स्त्रियांना आसरा देणाऱ्या संस्थांना सामाईक प्रणालीत ओळखीची माहिती भरण्यास मनाई केली. त्या आपली नोंद वेगळ्या माहितीसंचात ठेवतात आणि फक्त गोषवारा देतात. वेगळ्या नोंदी ठेवल्या तर मोजणीच होणार नाही, या शंकेचे हे वीस वर्षे चाललेले प्रत्यक्ष उत्तर आहे.

क्रमवारीचा वाद

घरे शंभर आणि गरजू हजार असतील तर निवड कशी करायची, हा तिसरा आणि सर्वांत अवघड प्रश्न. अमेरिकेत २०१३ च्या सुमारास एक प्रश्नावली पसरली. इंग्रजी आद्याक्षरांवरून ती व्हीआय-एसपीडॅट या नावाने ओळखली जाते. आजार, व्यसन, मारहाण, पैशासाठी शरीरसंबंध इथपर्यंतचे प्रश्न विचारून ती एकट्या प्रौढाला ० ते १७ गुण देते. ८ किंवा अधिक गुण मिळाले तर आधारासह कायम घर, ४ ते ७ ला तात्पुरती मदत, त्याखाली काही नाही, असा तिचा वापर रूढ झाला. जो आधी आला त्याला आधी घर, किंवा ज्याची ओळख त्याला घर, या जुन्या पद्धतींपेक्षा ही न्याय्य असल्याचा दावा होता आणि त्यात तथ्यही होते. पण २०१९ च्या एका अभ्यासात ओरेगॉन, व्हर्जिनिया आणि वॉशिंग्टन या राज्यांतल्या काही ठिकाणच्या नोंदी तपासल्या, तेव्हा गोऱ्या व्यक्तींना इतरांपेक्षा जास्त गुण मिळत असल्याचे आढळले. परक्या अधिकाऱ्यासमोर व्यसन किंवा आजार कबूल करणे कुणाला परवडते आणि कुणाला त्याची शिक्षा भोगावी लागते, यावर उत्तरे बदलतात. ही प्रश्नावली टप्प्याटप्प्याने बंद करत असल्याचे तिच्या निर्मात्यांनी २०२० च्या अखेरीस जाहीर केले.

त्यानंतरची एक दिशा पिट्सबर्गभोवतालच्या ॲलेगेनी काउंटीने दाखवली. तिथे प्रश्न विचारण्याऐवजी सरकारी नोंदींतल्या इतिहासावरून संगणकीय प्रारूप धोका वर्तवते. दुखऱ्या आठवणी उकराव्या लागत नाहीत, हा त्याचा फायदा. मात्र जो सरकारी दवाखान्यात कधी गेला नाही किंवा बाहेरगावाहून नुकताच आला, त्याचा इतिहास यंत्राला दिसत नाही. शिवाय सेवेसाठी झालेली जुनी नोंद निवडीसाठी वापरली जाते, हा मूळ आक्षेप उरतोच. दोन्ही पद्धतींपैकी निर्विवादपणे न्याय्य कोणती, याचा निकाल अजून लागलेला नाही.

भारत : मोजणी आणि पुरावा

भारतात चर्चा बहुतांशी मोजणीपाशीच अडकलेली आहे. २०११ च्या जनगणनेत १७ लाख ७३ हजार बेघर नोंदले गेले, त्यातले ९ लाख ३८ हजार शहरांत. महाराष्ट्राचा आकडा सुमारे २ लाख ११ हजार आणि मुंबईचा सुमारे ५७ हजार होता. ही मोजणी २८ फेब्रुवारीच्या एका रात्री उड्डाणपुलांखाली, फलाटांवर, देवळांच्या आवारात फिरून झाली. रात्रपाळीला गेलेला हमाल किंवा पोलिसांच्या भीतीने आडोशाला झोपलेली बाई अशा मोजणीतून सहज निसटते, म्हणून कार्यकर्ते हे आकडे कमी मानतात. निवाऱ्यांचा निकष मात्र या आकड्यावर आधारलेला नाही. थंडीने झालेल्या मृत्यूंनंतर २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोठ्या शहरांत दर १ लाख लोकसंख्येमागे एक निवारा ठरवला, आणि २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाने दर लाखामागे किमान १०० जणांची सोय हा निकष घेतला. मुंबईची २०११ ची लोकसंख्या १ कोटी २४ लाख धरली तर हा हिशेब साडेबारा हजार जागांच्या आत राहतो. जनगणनेच्या अपुऱ्या आकड्यालाही तो पुरत नाही. नीट मोजणीची निकड इथे कळते.

मोजणीबाबत मुंबईने जगाला दिलेला एक धडा वेगळाच आहे. पदपथवासीयांच्या हक्कांबाबतच्या ओल्गा टेलिस खटल्याच्या निकालाच्या वर्षी, १९८५ मध्ये, स्पार्क या संस्थेने भायखळा आणि आसपासच्या पदपथांवरच्या सुमारे ६ हजार कुटुंबांची गणना केली. उपरे, रिकामटेकडे अशी ज्यांची प्रतिमा होती ती माणसे वर्षानुवर्षे त्याच जागी राहून शहरासाठी स्वस्तात राबत होती, हे त्यातून पुढे आले. पुढे महिला मिलन या संघटनेतल्या बायकांनी आपल्या वस्तीची मोजणी स्वतः करण्याची पद्धत रुजवली, आणि झोपडीवासीयांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेमार्फत ती आशिया-आफ्रिकेत गेली. १९९५ च्या राज्याच्या पुनर्वसन धोरणात पदपथावरची कुटुंबेही पात्र ठरली. या पद्धतीत माहितीची प्रत मोजल्या जाणाऱ्यांच्या हाती राहते आणि तिचा उपयोग वाटाघाटीसाठी होतो. तिची मर्यादाही स्पष्ट आहे : एका जागी स्थिरावलेली कुटुंबे संघटित होऊ शकतात, एकटा फिरता मजूर किंवा मनोरुग्ण या चौकटीत बसत नाही.

ओळखपत्र, कायदा आणि हजेरी

सेवेच्या नोंदीत भारतातला कळीचा मुद्दा ओळखपत्राचा आहे. उत्तर प्रदेशात रात्रनिवाऱ्यासाठी आधार मागितले जाते हे जानेवारी २०१८ मध्ये सुनावणीत आले, तेव्हा पत्ताच नसलेल्या माणसाला आधार मिळणार कसे, असा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने विचारला. वास्तविक इतर यंत्रणांनी यावर तोड काढलेली आहे. मतदार नोंदणीत बेघराने सांगितलेल्या जागी मतदान केंद्रस्तरीय अधिकारी रात्री जाऊन तो तिथे झोपतो का हे पाहतो. कागद मागत नाही. निवाऱ्याने मात्र कोणता पुरावा मागावा याबाबत प्रत्येक ठिकाणी वेगळी वहिवाट दिसते. ओळख पक्की केल्याशिवाय गैरफायदा टळणार नाही, हे प्रशासनाचे म्हणणे सरसकट झटकून टाकण्यासारखे नाही. कायम घर द्यायचे तर ओळख तपासलीच पाहिजे. पण रात्रीची चटई दोनदा घेऊन कुणी श्रीमंत होत नाही. पुराव्याची मागणी लाभाच्या किमतीच्या प्रमाणात असावी, इतके तत्त्व या वादातून निघते.

महाराष्ट्रात याहून गंभीर बाब आहे ती भीक मागण्याला प्रतिबंध करणाऱ्या १९५९ च्या मुंबई कायद्याची. चरितार्थाचे उघड साधन नसताना सार्वजनिक जागी भटकणे हेही त्याच्या व्याख्येत येते. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिल्लीपुरत्या त्याच्या दंडात्मक तरतुदी रद्द केल्या. महाराष्ट्रात कायदा कायम आहे. अशा स्थितीत निवाऱ्याच्या अर्जातल्या 'उत्पन्नाचे साधन' या रकान्यात लिहिलेले खरे उत्तर गुन्ह्याची कबुली ठरू शकते. मुंबईच्या पदपथांवर राहणाऱ्या पारधी कुटुंबांसाठी तर नोंदीला पिढ्यांचा इतिहास आहे. ब्रिटिश काळातल्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली त्यांची नावे पोलिसांच्या वहीत होती आणि हजेरी द्यावी लागत होती. तो कायदा १९५२ मध्ये गेला, पण वहीत नाव आले की पोलीस दारात येतात हा अनुभव सहज पुसला जात नाही. त्यांचे मौन अडाणीपणाचे मानणे चूक ठरेल. ते अनुभवातून आलेले शहाणपण आहे.

इथे कायद्यातली एक विसंगती लक्षात घ्यायला हवी. १९४८ च्या जनगणना कायद्याच्या कलम १५ नुसार प्रगणकाने केलेली नोंद कुणाला पाहता येत नाही आणि ती पुरावा म्हणूनही चालत नाही. म्हणजे मोजणीसाठी दिलेल्या माहितीभोवती भिंत आहे. निवाऱ्याच्या नोंदवहीत त्याच माणसाची त्याहून नाजूक माहिती असते, तिच्याभोवती अशी भिंत नाही. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने काही हक्क दिले, परंतु लाभ किंवा सेवा देण्यासाठी शासनाला काही अटींवर नव्या संमतीशिवाय माहिती वापरण्याची सवलतही दिली. एका खात्याची माहिती दुसऱ्या खात्याकडे जाताना बेघराच्या बाजूने कोण उभे राहणार, हे त्यात ठरलेले नाही.

अनिर्णित प्रश्न

माहिती कामानिहाय वेगळी ठेवावी या भूमिकेवर तीन आक्षेप येतात. पहिला असा की भिंती उभारल्या तर मदतच अडेल. क्षयरोगाचे औषध चालू असलेला माणूस एका निवाऱ्यातून दुसऱ्यात गेला तर त्याची माहिती तिथे पोचली पाहिजे. ती पोचावीच, पण त्या माणसाच्या मागणीवरून, त्या एका कामापुरती पोचणे आणि सर्वांना सर्वकाळ दार उघडे ठेवणे यांत अंतर आहे. दुसरा आक्षेप कामाच्या बोजाचा. निवाऱ्यात रात्री एखाद-दुसराच कर्मचारी असतो. तो तीन नोंदी कुठून ठेवणार? यावर उपाय रकाने कमी करण्याचा आहे. ज्या उत्तराने त्या माणसाला मिळणाऱ्या मदतीत काही फरक पडत नाही तो प्रश्न विचारू नये. तिसरा आक्षेप सर्वांत बिकट आहे. खासगीपणाचा आग्रह जुनी माहिती पुसून टाकायला सांगतो, तर महाराष्ट्रात पुनर्वसनाची पात्रता ठरावीक तारखेच्या आधीच्या वास्तव्यावर ठरत आली आहे. इथे जुनी नोंद हाच हक्काचा पुरावा असतो. ती पुसली तर घर जाते, ठेवली तर उद्या दुसऱ्याच कुणाच्या कामी येते. नोंदीची साक्षांकित प्रत माणसाला देणे हा अर्धा उपाय आहे, कारण पदपथावर कागद टिकत नाही. पाऊस आणि तोडफोड दोन्ही तो घेऊन जातात. यावर समाधानकारक तोडगा अजून कुठेच सापडलेला नाही.

वादाची आजची स्थिती त्यामुळे अशी आहे. मोजणी हवी, यावर जवळपास एकमत आहे, आणि ती नावाशिवाय करता येते. सेवेची नोंद आवश्यक आहे, पण तिला जनगणनेसारखे कायद्याचे कवच नाही, आणि ते देण्यात तांत्रिक अडचण कुठलीच नाही; निवाऱ्याची नोंद भीकविरोधी कारवाईत किंवा इतर खटल्यात पुरावा म्हणून चालणार नाही, एवढी तरतूद राज्याला करता येईल. क्रमवारीची न्याय्य पद्धत कुणालाच सापडलेली नाही, म्हणून भारतीय शहरांनी ती उसनी आणण्याची घाई करू नये. २०२७ ची जनगणना डिजिटल होणार आहे, आणि त्याच सुमारास शहरांचे निवारेही संगणकावर नोंदी ठेवू लागतील. वहीतला मजकूर त्या इमारतीबाहेर सहसा जात नसे. संगणकातला क्षणात जातो. माहितीचा वापर कशासाठी होणार नाही, हे ती घेण्याआधी ठरवण्याची संधी आज आहे, आणि ही हमी मिळाली तरच बेघर माणूस खरे उत्तर देईल. खऱ्या उत्तरांशिवाय मोजणीही फसेल आणि मदतही, हे या सगळ्या अनुभवाचे सार आहे.